बारमाही गोलू

कुंभकोणम्,
१८ एप्रिल २०२४

चि. रविशंकर,

वरती आशीर्वाद-बिशीर्वाद काय असतात ते नंदितानं लिहिले असतील. (नाही लिहिले. आई, तुम्ही सांगा. – नंदिता) बरं, लिही. खूप आशीर्वाद, वेळेवर जेव, आणि केस कमी झालेत म्हणून टोपी घालून फोटो पाठवू नकोस, आम्हाला कळतं.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर बोलताना तुझी आई माझ्या शेजारीच असते. स्वतःचं नाव ऐकलं की विचारते, "कुणाबद्दल बोलतेस? काय झालंय तिला?" मग मी काय सांगू? आणि तू तरी फोनवर कुठं असतोस? "हं काकी, हं काकी" करतोस आणि मागं कुणीतरी इंग्रजीत भांडत असतं. मला अक्षर येत नाही. पण माझी सून शिकलेली आहे, हिंदीच्यासुद्धा सगळ्या परीक्षा पास. मी बोलीन, ती लिहील. तूही कागदावरच लिही. कागद मध्येच "एक मिनिट हं" म्हणत नाही.

तर बातमी अशी की तुझी आई, माझी अक्का, गोलूला जायला लागली आहे.

चैत्रात कसला गोलू, म्हणशील. तेच तर सांगतेय. परवा तुझ्या पुण्याच्या सासूबाईही विचारत होत्या, गोलू म्हणजे नक्की काय. त्यांना नीट सांग. नवरात्रात आम्ही पायऱ्या लावून बाहुल्या मांडतो. संध्याकाळी बायका घरोघरी बघायला जातात, एकेक गाणं म्हणतात, वाटीभर सुंडल खातात, म्हणजे उकडलेले हरभरे आणि वर ओलं खोबरं, आणि कुंकू लावून, विडा घेऊन घरी येतात. सगळा सवाष्णींचा कारभार. तुझे वडील गेल्यापासून अक्का कुणाकडे गेली नाही. कुणी बोलवायला आलं की ती आत जायची आणि धाकटी जाऊ म्हणून मला पुढं करायची. मग तुझे मुकुंदकाकाही गेले, आणि आम्ही दोघी आत बसून बाहेरच्या गाण्यांना नावं ठेवू लागलो.

आता तिच्या डोक्यातून तुझ्या वडिलांचं जाणंच निघून गेलं आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी खोलीतून बाहेर आली ती तांबडी रेशमी साडी नेसून, कपाळभर कुंकू, हातात चांदीची डबी. म्हणाली, "भवानी, चल लवकर, नाहीतर सगळीकडचं सुंडल संपेल." मी म्हटलं, आज नवरात्र आहे का? तर म्हणते, "किती ग विसरभोळी झालीस!" मला!

समोरच्या घरी टीव्हीच्या कपाटात त्यांच्या मुलाचे बॅडमिंटनचे कप लावले आहेत. अक्का पुढ्यात बसली, एकेक कप निरखला आणि म्हणाली, "यंदा सगळ्या बाहुल्या पितळेच्याच? छान दिसतंय." मग गाणं म्हटलं. समोरची बाई माझ्याकडं बघते, मी छताकडं. शेवटी तिनं देवापुढचं कुंकू आणलं, क्षणभर थबकली, विधवेला लावायचं कसं म्हणून, आणि मग लावलं. मला त्या थबकण्याचं काही वाटलं नाही. लावलं त्याचं मात्र वाटलं.

परवा तर बाजारात जानकीरामच्या भांड्यांच्या दुकानात शिरली. तिथं नाचियार्कोविलचे पितळी दिवे लहानापासून मोठ्यापर्यंत पायऱ्यांवर मांडलेले असतात. असा गोलू उभ्या कुंभकोणात नाही, असं तिला वाटलं तर चूक कुणाची? बसकण मारून गायला लागली. गिऱ्हाइकं उभीच्या उभी. जानकीराम गल्ल्यावरून उठून आला. मला वाटलं, आता हाकलतो. तो हात जोडून म्हणाला, "अम्मा, आणखी एक होऊ द्या."

डॉक्टर म्हणतात, आजार पुढं सरकला आहे. सरकला असेल. तिची रीत मात्र जागची हललेली नाही. कुणाच्याही घरात गेली की आधी मांडणीचं कौतुक, मग घरच्यांची चौकशी, मग गाणं. शहाण्या माणसांनाही हा क्रम जमत नाही.

बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस.

तुझी भवानीकाकी
(अंगठा उठवणार होत्या, पण शाई पुसायला साडीच वापरतील म्हणून मी नको म्हटलं. – नंदिता)


पुणे,
३ मे २०२४

ती. भवानीकाकीस नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, माझी आई लोकांच्या दारात जाऊन बसते आणि मी इथं हसतोय.

काकी, लोक तिला हसत नाहीत ना? तिची मस्करी झालेली मला सहन होणार नाही. आणि उन्हाळ्याचे दिवस आहेत, रस्त्यावर बस-रिक्षांची गर्दी. कुठं भलतीकडे गेली तर?

दुसरं असं की तिला खरं सांगायला हवं. हे नवरात्र नाही आणि बाबा आता नाहीत. लहानपणी मी एकदा खोटं बोललो तर तिनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला होता. अशा बाईशी आपण सगळ्यांनी मिळून खोटं वागायचं, हे मला पटत नाही.

इथं पुण्यात अशा आजाराच्या माणसांसाठी एक केंद्र आहे. मी बघून आलो. स्वच्छ आहे, बाग आहे, दाराला कुलूप असतं. मी लगेच काही ठरवत नाही. सध्या एक घड्याळ पाठवतोय. ते आईच्या हातात असलं की ती कुठं आहे ते मला इथं फोनवर दिसेल.

तुझा रवी


कुंभकोणम्,
२० मे २०२४

चि. रवी,

तुझं पत्र आलं त्या सकाळी मी तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. अक्काला जवळ बसवून म्हटलं, "अक्का, भावोजी आता नाहीत ग."

"नाहीत म्हणजे?"

"गेले. बरीच वर्षं झाली."

ती म्हणाली, "आणि मला कुणी सांगितलं नाही? मी कुठं होते तेव्हा?"

रवी, भावोजी गेले त्या दिवशी ती जशी रडली होती तशीच रडली. जेवली नाही. कपाळ स्वतःच्या हातानं पुसलं. मग जरा डोळा लागला. उठली आणि केस सारखे करत विचारलं, "हे अजून कचेरीतून आले नाहीत?"

माणूस एकदाच गेला. तिच्यासाठी त्याला रोज दुपारी पुन्हा कोण घालवणार? तुला सांगायचं असेल तर तू येऊन सांग, मी नाही. आता विचारलं की मी म्हणते, पट्टीश्वरम्‌च्या देवळात गेलेत. देवळात गेले की भावोजी कधी वेळेवर परत येत नसत, ते तिला आठवतं. वैतागते आणि गप्प होते. इतक्या वर्षांनी नवऱ्यावर वैतागायला मिळतंय, तेही काही कमी नाही.

लोक हसतात का, विचारलंस. हसतात. मी हसते, अक्काही हसते. पण आता आमच्या रस्त्यावर संध्याकाळी प्रत्येक घरात वाटीत काहीतरी झाकून ठेवलेलं असतं. कुणाकडे हरभरे, कुणाकडे नुसते शेंगदाणे. एकीनं बिस्किटं ठेवली तर अक्का म्हणाली, "सुंडल जरा कोरडं झालंय, पण चव आहे." ती बाई अजून सगळ्यांना सांगत फिरते.

आणि ती नुसती कुंकू लावून घेत नाही, लावतेही. निघायच्या आधी मलाही लावते. "भवानी, मोकळ्या कपाळानं कुठं निघालीस?" म्हणते. पहिल्या दिवशी मी परसात जाऊन धुऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी विसरले. तिसऱ्या दिवशी आरशात पाहिलं. बरी दिसते रे मी अजून.

घड्याळ मिळालं. तिला आवडलं. हातात घातलं आहे.

भवानीकाकी
(आई लिहायला सांगत नाहीत, पण रोज संध्याकाळी त्या अक्कांच्या मागं रस्ताभर चालतात. गुडघे सुजले आहेत. – नंदिता) (हे खोड, म्हटलं तर खोडत नाही. अक्षर येत नसलं की असं सुनेच्या हातात सापडतं माणूस.)


पुणे,
१२ जून २०२४

भवानीकाकी,

आता राग उतरला आहे म्हणून लिहितोय.

गेल्या आठवड्यात मी ऑफिसात बसलेलो असताना माझ्या फोनवर आई बसच्या वेगानं कुंभकोण सोडून निघाली. नाचियार्कोविलला पोचली आणि तिथंच थांबली. मी तुझ्या साईकुमारला फोन केला, तो दुकान टाकून मोटारसायकलवर निघाला, माझी बायको देवापुढं बसली. आणि तेवढ्यात तू फोनवर इतकी हसत होतीस की एक शब्द कळेना.

समोरच्या घरी नाचियार्कोविलहून पाहुणी आली होती. आईनं तिला गोलूला आलेली समजून कुंकू लावलं, आणि पाहुणीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून हातातलं घड्याळ काढून विड्यावर ठेवून दिलं. त्या बाईनं ते प्रसाद म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं. माझी आई आता नाचियार्कोविलच्या एका देव्हाऱ्यात आहे, असं मला अजून फोनवर दिसतं.

माझ्या सासूबाई ही गोष्ट सगळ्या इमारतीला सांगून आल्या. म्हणतात, "माणूस विसरला तरी हात द्यायला विसरला नाही बघा." हे मीही रात्रंदिवस मनात घोळवतो आहे. पण काकी, नंदितानं कंसात लिहिलेलं मी वाचलं. तू दमत नाहीस ना? आई तुला त्रास देत नाही ना? खरं लिही.

रवी


पुणे,
२४ जुलै २०२४

भवानीकाकीस,

माझ्या पत्राला दीड महिना झाला, तुझं उत्तर नाही. काल हरिकृष्ण नावाच्या गृहस्थांचा फोन आला. तुमच्या रस्त्यावरच्या श्रीलक्ष्मीबाईंचे भाऊ. त्यांच्या मेहुण्यांचं निधन झालं, घरात माणसं भेटायला आलेली असताना माझी आई रेशमी साडी नेसून आत गेली आणि तिनं काय केलं ते त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, "वेड्या माणसाला घरात ठेवायचं असेल तर दार बंद करून ठेवा. माझ्या बहिणीच्या दुःखाचा तमाशा झाला."

मी माफी मागितली.

तू मला हे कळवलं नाहीस. चांगलं तेवढं कळवतेस. काकी, आजवर तुझ्या पत्रांवर विसंबून मी निर्धास्त राहिलो. आता नाही. मी पुढच्या महिन्यात येतोय. परतीची दोन तिकिटं काढली आहेत, एक माझं, एक आईचं. केंद्रात जागा राखून ठेवली आहे. तुझ्यावर राग नाही. तू फार केलंस. आता तरी विसावा घे.

रवी


कुंभकोणम्,
१ ऑगस्ट २०२४

चि. रवी,

विसावा मी मेल्यावर घेईन, तेव्हा कुणी उठवायला येऊ नका.

काय झालं ते माझ्या तोंडून ऐक. श्रीलक्ष्मीचा नवरा औषधांचं दुकान चालवायचा. चांगला माणूस, सकाळी पाणी भरताना पडला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी आणि नंदिता भेटायला निघतच होतो. अक्काला साईकुमारपाशी बसवलं, मी चपला शोधतेय. रस्त्यानं बायका एकापाठोपाठ एक त्या घराकडं जाताहेत, हे तिनं खिडकीतून पाहिलं. एवढ्या बायका एका घरी जातात म्हणजे काय, तूच सांग. तिनं साडी बदलली आणि मागच्या दारानं निघाली. आम्ही पोचलो तेव्हा ती आत होती.

त्याला ठेवलं होतं तिथं दिवा लावलेला. भिंतीला टेकून बायका. मधे श्रीलक्ष्मी, खाली मान घालून. अक्का दिव्याकडं बघून म्हणाली, "यंदा एकच पायरी मांडलीस? असू दे. दिवा सुरेख आहे." मग श्रीलक्ष्मीच्या समोर बसली, तिची हनुवटी वर केली आणि कुंकू लावलं.

रवी, भिंतीकडच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मग हरिकृष्ण ओरडला. अक्का दचकली. तिला कुणी ओरडलंच नव्हतं ना इतक्या महिन्यांत. मी तिच्या आणि त्याच्या मधे उभी राहिले, हात जोडले, तोंडाला येईल ते बोलले. श्रीलक्ष्मीनं अक्काचा हात धरलेला होता. तो मला सोडवून घ्यावा लागला. कुणीतरी ओला फडका आणला तर तिनं मान वळवली. पुढचं मला माहीत नाही, आम्ही निघालो.

घरी येताना अक्का म्हणाली, "भवानी, त्या घरातला पुरुष तापट दिसतो. बिचारीचं कसं होत असेल."

तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू तिकीट काढलं असतंस. न कळवता काढलंस ते वेगळं. श्रीलक्ष्मीचं मन दुखावलं असेल तर त्याला तोड नाही. मी तिच्या दारात जायला धजत नाही. पण कुलूप लावलेल्या बागेत तुझी आई कुणाकडे जाईल रे? दारच नसेल तर ती कुणाच्या मांडणीचं कौतुक करील? इथं ती आजारी आहे हे आम्हाला माहीत आहे. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तिथं पहिल्याच दिवशी कळेल.

तू येतोस ते ये. तुझी आई तुझी आहे, मी अडवणार नाही.

भवानीकाकी


पुणे,
२६ ऑगस्ट २०२४

भवानीकाकीस साष्टांग नमस्कार.

निघताना स्टेशनवर तुझ्याशी बोललो नाही. बोललो असतो तर रडलो असतो, आणि तू त्यावर काहीतरी बोलली असतीस.

सगळ्यात आधी श्रीलक्ष्मीबाईंचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्यांच्याकडे माफी मागायला गेलो होतो, ते तुला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "त्या दिवसांत घरात आलेली प्रत्येक बाई माझं कपाळ बघून रडली. तुमच्या आईनं माझं तोंड वर केलं आणि हळूच विचारलं, 'जेवलीस का?' दोन दिवसांत ते कुणी विचारलं नव्हतं." मग म्हणाल्या, "माझा भाऊ चिडला, मी नाही. आईंना पुण्याला न्यायचं तर न्या. पण माझं नाव पुढं करून नेऊ नका."

तरीही मी नेणारच होतो. ठरवूनच आलो होतो. पण त्याच संध्याकाळी मी जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फेरी संपवून तुम्ही दोघी घरी आलात. आईनं तुला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, विडा हातात दिला आणि म्हणाली, "बराच उशीर झाला हो. घरी वाट बघत असतील. पुन्हा या." तू "येते हं, फार छान झालं सगळं" म्हणालीस, चपला घातल्यास आणि पुढच्या दारानं बाहेर पडलीस. मला वाटलं, तुम्हा दोघींचा काही खेळ आहे. मी मागं आलो. तू फुलवालीपर्यंत गेलीस, तिच्याजवळ टेकलीस, गुडघा चोळलास, मग मागच्या बोळात वळलीस. केळीच्या मधून, विहिरीपाशी पाय धुऊन, परसदारानं स्वयंपाकघरात आलीस आणि भात टाकलास. मी विचारलं, हे कधीपासून? तू म्हणालीस, "दूध उतू जाईल, बाजूला हो."

जेवताना आईनं माझ्या कानात सांगितलं, "ही नवी स्वयंपाकीण रसम चांगलं करते. दिवाळीला तिला साडी द्यायला हवी."

काकी, मी दहा दिवस राहिलो. तुझ्या प्रत्येक पत्रात आई तुला "भवानी" म्हणून हाक मारते. दहा दिवसांत तिनं एकदाही तुझं नाव घेतलं नाही. ती तुला ओळखत नाही. तू त्या घरात सून म्हणून आलीस तेव्हापासून दोघी एका चुलीवर राहिलात, आणि आता रोज संध्याकाळी ती तुला तुझ्याच घरातून निरोप देते, आणि तू तो घेतेस. मी तिचा मुलगा आहे, काकी. मला हे जमलं नसतं. मी "आई, असं काय करतेस" म्हणून ओरडलो असतो.

आईचं तिकीट मी रद्द केलं, ते तू पाहिलंसच. तिला जपणारं कुणी तिथं नाही असं समजून मी आलो होतो. पण माझ्या तीन अटी आहेत. मदतीला एक बाई ठेवायची. गुडघे दाखवायचे. आणि पत्रात खरं लिहायचं.

तुझा रवी


कुंभकोणम्,
९ सप्टेंबर २०२४

चि. रवी,

दहा दिवस राहून तू काय पाहिलंस, तर म्हाताऱ्या बाईच्या मागं बोळात हेरगिरी केलीस. आणि पत्र असं लिहिलंस की वाचता वाचता नंदिता दोनदा नाक पुसायला उठली. (तीनदा. – नंदिता)

खरं लिही म्हणतोस, तर ऐक. चैत्राच्या आधीच एका सकाळी तिनं मला विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?" पत्रात तिच्या तोंडी माझं नाव मीच घातलं. सांगणारी मी, लिहिणारी माझी सून. कागदावर तरी तिनं हाक मारावी एवढी हौस करून घेतली. नंदितानं पहिल्या पत्रापासून ओळखलं होतं. तिथं मात्र तिनं कंस टाकला नाही. गुणाची पोर आहे. (हे मी आईंना परत एकदा म्हणायला लावून लिहिलं आहे.)

आणखी खरं? दमते. फुलवालीपाशी टेकते तेव्हा एखाद्या दिवशी वाटतं, बोळात वळूच नये. समोरून बस जाते तीत बसावं आणि पट्टीश्वरम्‌ला देवळाच्या ओट्यावर जाऊन पडावं. मग भात आठवतो. माणसाला परत आणायला प्रेमच लागतं असं नाही, कुकरही पुरतो.

पण माझं कौतुक लिहिलंस ते चुकीच्या पत्त्यावर आलं. तू अक्काकडं बघ. मी तिची कुणीच नाही, रस्त्यावरची एक म्हातारी, असं समजून ती मला रोज काय देते? पाट देते, कुंकू देते, विडा देते, घरी माझी वाट बघणारं कुणी असेल याची काळजी करते. ओळखीच्या माणसाशी चांगलं वागणारे मी पुष्कळ पाहिले. मी जाऊ होते तेव्हा ती माझ्याशी इतकी गोड कधी बोलली नव्हती रे. मिठावरून मला काय काय ऐकवलंय ते तुला ठाऊक नाही.

तुझ्या अटी. मदतीला पट्टीश्वरम्‌ची अलमेलू येते. अक्का तिला नवी सून समजते आणि केस मोकळे सोडू नकोस म्हणून दटावते. ती हसून केस बांधते. गुडघ्यांना डॉक्टरांनी तेल दिलंय, त्याच्या वासानं मांजर घर सोडून गेलं.

आता मोठी बातमी. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी श्रीलक्ष्मी आमच्या दारात उभी राहिली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. मी दाराआड सरकले. अक्का पुढं झाली, "या या, किती वाट बघायची!" आत नेऊन बसवलं, आमच्या फळीवरच्या डब्यांची मांडणी दाखवली आणि म्हणाली, "आता गाणं." श्रीलक्ष्मी म्हणाली, मला गाणं येत नाही. अक्का म्हणाली, "मग सुंडल नाही." तेव्हा तिनं शाळेतलं कवायतीचं कसलंसं गाणं म्हटलं. इतकं बेसूर मी जन्मात ऐकलं नव्हतं. अक्कानं डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणाली, "गळ्यात गोडवा आहे, फक्त रियाज हवा." श्रीलक्ष्मी हसली. मग हसता हसता रडली, आणि अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. कशासाठी रडते ते विचारलं नाही. तेवढं कुणाला सुचतं?

मग रोजच्यासारखा निरोप. आम्हा दोघींना कुंकू, विडा, "उशीर झाला हो." दोघी बाहेर पडलो. फुलवालीपाशी मी टेकू लागले तर श्रीलक्ष्मी म्हणाली, "मामी, तुम्हाला घरी जायलाच सांगितलंय ना? मग माझ्या घरी चला. भात अलमेलू टाकील."

तेव्हापासून रोज जाते. ती कॉफी करते, मी तिच्या भावाला शिव्या घालते, ती घालू देते. काल निघताना अक्काला पेंग आली होती, तिनं आम्हाला कुंकू न लावताच वाटेला लावलं. कॉफी झाली, मी उठले. दारापर्यंत येऊन श्रीलक्ष्मी थांबली. आत गेली, देवापुढची कुंकवाची वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. मग मी तिला लावलं, तिनं मला लावलं.

आणि रवी, आम्हा दोघींना तर काहीसुद्धा विसरायला झालेलं नाही.

तुझी भवानीकाकी